एक नंबर

जहाज आलं की गाव एका अंगाला कलतं.
आज दोन आलीत. चर्चच्या मनोऱ्याहून उंच,
घर बदलताना कुणी पांढरी कपाटं
रस्त्यातच ठेवून जेवायला जावं, तशी धक्क्यावर.

टॅक्सीवाले रांगेत : ग्रँड आन्स, वीस डॉलर, अमेरिकन, गार हवा!
मी दाराला लोंबकळून एवढंच ओरडतो,
एक नंबर, एक नंबर, एक नंबर.
म्हणजे बसचा. पण म्हणताना छाती जरा पुढे येतेच.
अडीच डॉलर, आमचे. हवा खिडकीची.

मी केलन. डेस्मंड चालवतो.
पुढच्या काचेवर त्यानं लाल रंगात लिहून घेतलंय
'देवाची वेळ'.
ते वाचून रोज दोघे-तिघे पायरीवरनंच
घड्याळ बघत मागे फिरतात.

सव्वादहाला एक बाई चढली. एकटी.
सत्तरीची, गळ्यातल्या कार्डावर रोझविथा,
खांद्यावर जहाजाचा निळा टॉवेल,
हातात घड्या चुकलेला नकाशा.
चढली, आणि काहीच बोलली नाही.

आता, आमच्यात असं आहे :
बसमध्ये पाय टाकला की आधी गुड मॉर्निंग.
कुणाला? सगळ्यांना.
काल कोर्टात समोरासमोर उभे राहिलेले भाऊ
आज एका बाकावर गुड मॉर्निंग म्हणतात
आणि मग आपापल्या खिडकीतून बाहेर बघतात.

बस गप्प.
मिस अग्निटानं नीरफणसांची गोणी
या मांडीवरून त्या मांडीवर घेतली
आणि बाईच्या वतीनं, बाईच्या कानाशी,
पण ड्रायव्हरपर्यंत पोचेल असं म्हणाली :
गुड मॉर्निंग.
अठरा जणांनी उत्तर दिलं.
बाई मानेपर्यंत लाल.

तिला मी घडीच्या सीटवर बसवलेलं.
मागचा कुणी उतरणार तर तिनं उठायचं,
खाली उतरायचं, सीट मिटायची, पुन्हा चढायचं.
लगूनला एकदा, बेलमाँटला दोनदा.
तिसऱ्यांदा सीट तिनंच मिटली.
माझी नोकरी गेली, मी म्हटलं. तेव्हा हसली.

उतरायचं कसं? छताकडे बघत दोरी शोधत होती.
दोरी नाही. पत्र्यावर टकटक करायची,
दार वाजवतात तशी.
फक्त आतून.
तिनं वाजवलं ते इतकं हळू
की पत्र्यालाही कळलं नसेल.
मिस अग्निटानं नाणं काढून ठणठणवलं,
आणि ब्रेक असा लागला
की एक नीरफणस डेस्मंडच्या पायाशी.

पावणेतीनला तीच बाई, बदामाच्या झाडाखाली, निथळत.
पाय पायरीवर पडायच्या आधी
तिचा आवाज आत आला :
गुड आफ्टरनून!
शाळेच्या पोरांनी असा दणदणीत परत केला
की झोपलेला पाद्री जागा झाला.

लगूनपाशी सिमेंटचा ट्रक आडवा.
वीस मिनिटं. तिचं जहाज चारला सुटायचं.
काचेवरली देवाची वेळ तिला आतून
उलटी दिसत होती; ती एकेक अक्षर लावत बसली.
मग तिनं पत्र्यावर टकटक केली.
इथे उतरायचंय?
नाही, म्हणाली, सहज.

जहाजं गेली. पोचली असणार.
शेवटच्या फेरीला मिस अग्निटा आली, रिकाम्या गोणीनिशी,
सगळ्यांना गुड नाइट,
आणि तीच एक जागा. हात लावून म्हणाली, ओली आहे.
समुद्र आहे, मी म्हटलं.
तीस वर्षं त्या किनाऱ्यावर विकायला बसते, ती म्हणाली,
पायाला लागू दिला नाही कधी.

गोणी अंथरेल असं वाटलं.
घडी करून काखेत धरली, आणि बसली तशीच.